निळ्या खड्यांची माळ

शनिवार, ॲरिझोना. मोटेलवर, संध्याकाळी.

जीपमध्ये दिवसभर हाडं खिळखिळी झाली. दातांत अजून वाळू आहे. पण ती माळ काही डोक्यातून जात नाही.

सफारीच्या शेवटी नवाहो आदिवासींच्या वस्तीतलं मातीचं गोल घर दाखवलं. आत मागावर एक म्हातारी बसलेली. आमची गाईड तिचीच नात. आम्ही शिरताना तिनं घाईघाईनं आजीच्या गळ्यात निळ्या खड्यांची माळ घातली, नीट केली. मग आम्ही सगळे फोटो काढत सुटलो. आजी हसत राहिली. थकली होती.

आईनं एकही फोटो काढला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "हिलाही पाहुणे आले की नटवतात वाटतं."

"आई, तो त्यांचा बिझनेस आहे गं."

"असेल. तुझा काय आहे?"

बॉथेलला आमच्या घरी माझे ऑफिसचे लोक जेवायला आले की तिला नऊवारी नेसायला मीच लावते. नागपुरात ती स्वतःच्या लग्नातसुद्धा नऊवारी नेसली नव्हती. नथ तर मीच आयसेलिनच्या देशी दुकानातून मागवली. मीच घालते, नीट करते. त्या माळेसारखीच.

आत्ता आई गाऊनमध्ये पाय पसरून घोरतेय. फोटो छान आला असता. फोन उचलला, आणि ठेवून दिला.