मशिदीनंतरचा पहिला सूर

५ जानेवारी २०२५
सावनेरच्या डॉक्टरांनी आज सांगून टाकलं — फुंकणं बंद. चाळीस वर्षं खाप्यातल्या साऱ्या बराती अब्बांच्या क्लॅरिनेटमागे चालल्या, आणि माझा निकाह महिन्यावर आला तेव्हाच हे! अब्बा म्हणतात, "तसंही पोरीचा बाप दारात हार घेऊन उभा राह्यते. बँडात नाही." खरंच आहे. तरी मला राग आला. कुणाचा, ते कळेना.

८ जानेवारी
मशिदीपाशी बँड गप्प होतो. वाद्यं खाली, नुसती पावलं. हापशी ओलांडली की पहिला सूर अब्बांचा — लांब, एकटा. मग बाकीचे. लहानपणी तेवढ्यासाठी मी खिडकीत डोळे मिटून बसायचे. त्या शांततेत सगळं गाव कन्हानच्या पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं, आणि त्या सुरानं ते हळूहळू वर यायचं.
माझ्या बरातीत तो सूर हवा होता. दुसरं काही मागितलं नव्हतं मी.
होणाऱ्या नवऱ्याला, मुनीरला, फोनवर हे सगळं सांगितलं. नागपूरला नंदनवनात मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणारा माणूस. "हूं," म्हणाला. बस, एवढंच. या माणसासोबत जन्म काढायचाय.

१९ जानेवारी
अब्बांची पेटी उघडली. क्लॅरिनेट नाही. अम्मीला विचारलं तर, "मले काय विचारतं वं? त्यायलेच विचार." ते घरात कुठे आहेत? दर रविवारी नागपूर. हवा बदलायला म्हणे! वाजवता येत नाही म्हणून कुणाला तरी देऊन टाकलं असणार. दुपारभर रडले.

२७ जानेवारी
मुनीरचा फोन. शब्द नीट फुटत नव्हते. ओठ सुजलाय. "चहा गरम होता ना." एवढा मोठा माणूस, साधा चहा पिता येत नाही.

८ फेब्रुवारी
एका हाताची मेंदी सुकली, म्हणून दोन ओळी. अब्बा सकाळपासून खुशीत गुणगुणत आहेत. लेक चालली त्याचं काहीच नाही.

१० फेब्रुवारी, नंदनवन
काल बरात मशिदीपाशी गप्प झाली. मी डोळे मिटले. नुसती पावलं. मग तो सूर आला — लांब, एकटा, जरासा कापरा.
अब्बा! मी धावत खिडकीशी गेले. अब्बा तर दारात हार घेऊन उभे होते. घोडीवर सेहरा बाजूला सारून अब्बांचं क्लॅरिनेट मुनीर वाजवत होता.
त्याला तेवढा एकच सूर येतो.