दरजा आणि दर्जा

प्रिय दादा,

तुझ्या पत्रातल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. हो, आपले घर आता लांबूनही ओळखू येते. ओळीतली आठ घरे उघड्या विटांची आणि मधोमध आपले, पांढऱ्या चकचकीत फरश्यांनी मढवलेले. कोपऱ्यावरचे शिंपीकाका काल मला थांबवून म्हणाले, "काय गं, न्हाणीघर उलटं करून बाहेर काढलंत की काय?" मला हसू आले. फरश्या ज्या डिंकाने चिकटवल्या त्याचा वास अजून जात नाही. जेवताना तो घासाबरोबर तोंडात येतो.

ती भिंत बाबांनी रचली तेव्हा तू तिसरीत होतास. तू विटा भिजवायचास आणि मी बादलीजवळ बसून त्या मोजायचे. दोन विटांमधली दरज बाबा बारीक करणीने भरत, बोटाने पुसत आणि म्हणत, "वीट कुणीही रचतो रे, गवंडी दरजेत दिसतो." तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी साखरपुड्याला "गिलावा राहिलाय वाटतं" एवढेच म्हटले आणि तुला त्या विटेचा वीट आला. व्याकरणात वीट स्त्रीलिंगी आणि वीट येतो तो पुल्लिंगी, हे मी मुलांना शिकवते. आपल्या घरात दोघे एकाच भिंतीपाशी भेटतील, असे वाटले नव्हते.

आपल्या ओळीतल्या घरांसाठीचा नगरपालिकेचा नियम मीच तुला वाचून दाखवला होता. आहे त्याच साहित्याने दुरुस्ती करायची असेल, तर कार्यालयाला नुसते कळवले तरी चालते. दर्शनी भागाचे रूप बदलायचे असेल, तर नमुना दाखवून परवानगी घ्यावी लागते. तू म्हणालास, "दुरुस्तीच करायची आहे, तुझ्या छान भाषेत लिही." मी लिहिले: 'दर्शनी भिंतीच्या दरजा सुधारणे.' तो कागद तू टंकलेखकाकडे नेलास. परत आला तेव्हा त्यावर होते: 'दर्शनी भिंतीचा दर्जा सुधारणे.' ओळीत गुण्यागोविंदाने नांदणारा र तू उचलून डोक्यावर बसवलास. फरश्या लागल्यावर मी तो नीट वाचला आणि तुला फोनवर विचारले, तर हसलास: "एका रफाराचं काय घेऊन बसलीस? टंकलेखकाची चूक समज. दर्जा सुधारायला कोण नाही म्हणणार?" खरेच, कोणी नाही म्हटले नाही. कारकुनाने अर्ज दुरुस्तीच्या गठ्ठ्यात टाकला आणि तू फरश्या लावून मोकळा झालास.

मला तुझी किळस आली, दादा. हा शब्द मी तीनदा खोडला आणि तीनदा पुन्हा लिहिला. पण सगळी किळस तुझ्या पदरात टाकून मला मोकळे होता येत नाही. जगाच्या ऱ्हस्वदीर्घावर लाल शाई ओढणारी मी, तो टंकलिखित कागद न वाचता बाबांपुढे ठेवला. घर त्यांच्या नावावर, म्हणून सही त्यांची. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "पोरीनं लिहिलंय ना? मग बरोबरच असणार."

फरश्या लागल्यापासून बाबा पुढच्या दाराने येत-जात नाहीत. मागच्या बोळातून, धुण्याच्या दगडाला वळसा घालून, स्वयंपाकघरातून आत येतात. एक शब्द बोलले नाहीत. तुला आईने हे कळवले नसेल. तिला तुझे लग्न सुखाने पार पडायला हवे आहे.

सोमवारी मी कार्यालयात गेले. माझा आवाज इतका बारीक झाला की कारकून दोनदा "काय?" म्हणाला. शेवटी मी माझा हाताने लिहिलेला मूळ मसुदा टंकलिखित अर्जाशेजारी ठेवला. तो दोन्ही वाचत राहिला. मग म्हणाला, "ताई, तक्रार तुमच्याच घराविरुद्ध आहे, कळतंय ना?" कळत होते. तपासनीस बुधवारी येऊन गेले. पंधरा दिवसांत फरश्या उतरवून भिंत पूर्ववत करायची आहे. तुझ्या लग्नात घर विटांचेच असेल, कदाचित ओरखड्यांचेही.

गवंडी बोलावू का, असे मी बाबांना विचारले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले: "दरजा मी भरीन. फरश्या ज्यानं लावल्या, त्यानंच उतरवायच्या." म्हणून हे पत्र. छिन्नी आणि हातोडा पुढच्या पायरीवर ठेवला आहे. रविवारी ये. सोबत नवा अर्ज पाठवते आहे, कार्यालयाला नव्हे, बाबांना उद्देशून, माफीचा. तुझ्या सहीची जागा खाली मोकळी ठेवली आहे. या वेळी मी तो तीनदा वाचला आहे.

अजूनही तुझीच,
धाकटी