थोरलीचा फोन

३ फेब्रुवारी, मंगळवार
सांगून टाकलं! जेवताना. मी मुलगा आहे, मुलगा म्हणूनच जगायचंय, टेस्टोस्टेरॉन सुरू करायचं का ते डॉक्टरांना विचारणार आहे — सगळं एका दमात. आईचा घास हातातच राहिला.

थोरली मात्र तडतडली. थोरली म्हणजे माझ्याहून काही मिनिटांनी मोठी, आणि त्या मिनिटांचा तोरा वीस वर्षं मिरवणारी. आम्ही जुळ्या. इतक्या सारख्या की तान्हेपणी आईने एकीलाच दोनदा पाजलं. उपाशी राहिलो तो मी.

"माझा फोन तुझं तोंड बघूनही उघडतो," थोरली म्हणाली. "उद्या नाही उघडला तर?"

"तर पासवर्ड सांग!"

ताट उचलून निघून गेली. जा!

५ फेब्रुवारी
अबोला. एकाच खोलीत. मध्ये उशांची भिंत.

९ फेब्रुवारी
दुकानात मालकांना सांगितलं. चष्म्याचं दुकान, कुणाच्या नाकावर कुठली फ्रेम शोभेल हे बघणं माझं काम. मालक एकच काच पुसत राहिले, ती आधीच लख्ख होती.

"आवाज बदलेल, दाढी येईल... गिऱ्हाईक गोंधळेल ना!"

"गिऱ्हाईक चष्मा न्यायला येतं, मला न्यायला नाही."

हसले बिचारे. मग म्हणाले, दवाखान्याची सुट्टी आदल्या दिवशी सांगत जा.

१७ फेब्रुवारी
डॉक्टरबाईंकडे भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी भांडूच दिलं नाही! आधी समुपदेशक, आधी रक्ततपासणी, मग पुढचं. आवाज एकदा उतरला की औषध सोडलं तरी परत चढत नाही. डोक्यावरचे केस विरळ होऊ शकतात. पुढे स्वतःचं मूल हवं असेल तर त्याचा विचार आत्ताच कर. "घाई नाही," म्हणाल्या. "नको म्हणायचा हक्कही तुझाच आहे."

बाहेर येऊन पायरीवर बसलो. भीती वाटली. हो, वाटली! भीती वाटते म्हणजे नकोय, असं थोडंच असतं?

१८ फेब्रुवारी
आई: "देवाने दोघी एकसारख्या दिल्या होत्या."

मी: "आणि तुला एक तरी ओळखू येत होती का?"

आधी हसली, मग रडली. पाठीवरून हात फिरवला तिच्या. माघार घेतली नाही.

१ मार्च
थोरली बोलली. केस विंचरता विंचरता, माझ्याकडे न बघता. "आरशात बघते ना, तेव्हा तूही असतेस. तू बदललीस की मी एकटीच उरेन तिथे."

"मग तुझ्या आरशासाठी मी जन्मभर खोटा राहू?"

बरोबरच बोललो. तरी दिवसभर आरशासमोर गेलो नाही.

१२ मे
ठरलं. कुणाच्या हट्टाखातर नाही, कुणाची जिरवायला नाही. मला हवंय म्हणून.

पहिलं इंजेक्शन! आई बरोबर आली. नर्सला म्हणाली, "हळू हं, माझ्या पोराला सुईची भीती आहे." नाहीये मला भीती. (आहे.)

थोरली आली नाही.

९ ऑगस्ट
आवाज घोगरा झालाय. फोनवर मावशी: "सर्दी झाली का गं?" म्हटलं, "सर्दी नाही, मजा झालीय!"

थोरलीचा फोन अजून उघडतो माझ्या तोंडाने. मुद्दाम तिच्यादेखत उघडला. हिसकावून घेतला तिने.

२१ जानेवारी
थोरली कपडे धूत होती. हात फेसाने भरलेले. "बघ जरा, कुणाचा मेसेज आलाय." फोन तोंडासमोर धरला. उघडला नाही. पुन्हा धरला. नाही.

तिने पाहिलं. मी भांडायला सज्ज! काय काय बोलायचं तेही जुळवून ठेवलेलं.

तिने हात पुसले. फोन घेतला, पासवर्ड टाकला, सेटिंगमध्ये 'दुसरा चेहरा जोडा' शोधलं आणि फोन माझ्यासमोर धरला.

"हलू नकोस, धाकट्या. हनुवटी वर कर. दाढीसकट येऊ दे."