तो पुष्कराज नाही, आत्या

भवानी पेठ, सोलापूर
बुधवार

तीर्थस्वरूप रंभाआत्यांना,

ज्ञानदाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच. टेबलावर आबांनी पापड वाळत घातलेत, म्हणून मी सतरंजीवर बसून लिहितेय.) तुमचा गुडघा कसा आहे? आबांची तब्येत उत्तम आहे. बीपी वाढलंय, पण ते त्यांना मान्य नाही, त्यामुळे घरात त्या विषयावर शांतता आहे. फोन न करता पत्र लिहिलं याचा राग मानू नका. फोनवर माझं बोलणं तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि स्पीकर लावला की तुमच्या सगळ्या वैराग गावाला पूर्ण ऐकू जातं.

पत्रास कारण की, तुम्ही पाठवलेला बँकेतल्या मुलाचा बायोडाटा मिळाला. मुलगा चांगला असेल, त्याचं दोन मजली घरही चांगलं असेल (फोटोत मुलापेक्षा घरच जास्त आलंय), पण माझा नकार कळवा. मला लग्न करायचं नाही हे मी सांगून सांगून थकले. आणि तुम्हाला कुणीतरी कळवलं की ज्ञानदानं आता मनावर घेतलंय, पुष्कराज घातलाय. आत्या, तो पुष्कराज नाही. तो काय आहे ते सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हीच म्हणाल की या पोरीला कुणी सुखानं जगू देत नाही.

झालं असं की माझी पुण्याची मैत्रीण उत्कर्षा म्हणाली, डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात अंगठी घाल, बघणाऱ्याला आपोआप कळतं की हिचं ठरलंय, आणि मग कुणी स्थळं आणत नाही. तिच्या ऑफिसात म्हणे हे चालतं. मला पटलं. (उत्कर्षाचं मला लगेच पटतं, हा माझा जुना आजार.) सराफाकडे जाऊन साधी अंगठी मागितली, तर त्याच्याकडच्या साध्या अंगठ्या सगळ्या जावयांच्या मापाच्या. माझ्या बोटात त्या गरागरा फिरायला लागल्या. मापात बसणारी एकच निघाली, पिवळ्या खड्याची. खडा काचेचा, सोनं मुलाम्याचं. मी ती घेतली आणि तिथंच फसले.

दुसऱ्या दिवशी आमच्या टॉवेलच्या कारखान्यात पाऊल ठेवते न ठेवते तोच घड्या घालणाऱ्या नागम्मानं माझा हात धरला. “पुष्कराज का ओ मॅडम? लई चांगलं केलाव. पण हितं न्हाय, पहिल्या बोटात घालायचं असतंय की. गुरूचं बोट त्ये!” असं म्हणून तिनं स्वतःच ती अंगठी उपसून माझ्या तर्जनीत बसवली. मी परत जागेवर आणली. तिनं परत हलवली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आमचं हे चाललं होतं, आणि तोवर सगळ्या एमआयडीसीला समजलं की ज्ञानदा मॅडमनी लवकर लग्न जमावं म्हणून खडा घातला. (टॉवेलची डिझाइनं करणारा सोमशेखर तेव्हा समोरच उभा होता. तो हसला नाही. हे आपलं सहज लिहिलं.)

संध्याकाळी घरी आले तर शेजारच्या गोजरबाई दोन स्थळं घेऊन हजर. मी ठणकावून सांगितलं की माझं ठरलंय. त्यावर त्या म्हणाल्या, “ठरलंय? मग पेढं कुटं हायत? साडी कुटं हाय? अगं, नुसत्या अंगठीनं लगीन ठरतंय व्हय? घे बघू नाव!” नाव घ्यायला मला ऐन वेळी यमक सुचेना. (सोमशेखरला ‘साखर’ एवढंच जुळतं. हे केवळ उदाहरण म्हणून.) तेव्हा मला उमगलं, आत्या, की आपल्याकडे बाईचं लग्न झालंय की नाही ते आधी गळ्यात बघतात, मग पायात. बोटापर्यंत कुणी पोचतच नाही. बोटात असतात ते ग्रह. त्या दिवसापासून स्थळांचा नुसता पूर आलाय. बार्शीच्या एका मामांनी तर मुलीचं शिक्षण विचारायच्या आधी खडा किती रत्तीचा ते विचारलं. आबांनी गुरुवार धरलेत आणि पिवळा शर्ट घालून दत्ताच्या देवळात जातात. त्यांचा तो खुललेला चेहरा बघून काच म्हणायची माझी हिंमत होत नाही.

एवढ्या मोठ्या सोलापुरात त्या अंगठीचा अर्थ एकाच माणसाला बरोबर कळला, आणि तो नेमका सोमशेखर. हा अक्कलकोटचा, घरी कन्नड बोलतात, एरवी बोलणं बेताचं. दुपारी आम्ही एका टेबलावर डबा खायचो. त्याच्या आईच्या, कमलम्मांच्या, हातची शेंगाचटणी मी खायची आणि माझी भाजी त्यानं, असा रिवाज होता. अंगठी बघून तो म्हणाला, “अभिनंदन, मॅडम.” आधी ज्ञानदा म्हणायचा! दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन बॉयलरपाशी जाऊन बसायला लागला. बॉयलरपाशी, आत्या, एप्रिल महिन्यात! मला फार वाईट वाटलं. (चटणीचं नव्हे.) शेवटी मीच जाऊन सांगितलं की अंगठी खोटी आहे. मग कशाला घातलाव, म्हणाला. मी म्हटलं, कुणी लग्नाचं विचारू नये म्हणून. त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, “बरं. मग मी पण विचारणार न्हाय.” मग टेबलावर परत आला, चटणीचा डबा माझ्यापुढं सरकवला आणि निवांत जेवला. आणि खरंच विचारत नाही हो! दिलेला शब्द पाळणारी माणसं अशी नको तिथं भेटतात.

असो. तात्पर्य, मला लग्नात काडीचा रस नाही, हे वैरागमध्ये सर्वांना कळवावं. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची (कायमची अविवाहित)
ज्ञानदा

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहून गेलं म्हणून आणखी थोडं. आज मी अंगठी काढून टाकली. नागम्मा म्हणाली, गुरू कोपंल. सोमशेखरनं माझं रिकामं बोट बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं, घसा साफ केला आणि विचारलं की टॉवेलची किनार निळी ठेवू की हिरवी? मी निळी म्हणाले आणि घरी येऊन रडले.

आणखी ता. क. तुम्हाला कन्नड येतं, आणि पौर्णिमेला तुम्ही अक्कलकोटला जाताच. कमलम्मांचं घर स्टँडपासून लांब नाही. (मी फक्त बाहेरून पाहिलंय, दोनदा.) त्यांना जरा भेटाल का? आबांनाही तुम्हीच सांगा, माझ्यानं होणार नाही. साखरपुड्याला त्याला अंगठी नको, तो सारखा लूमपाशी असतो आणि लूमपाशी बोटात काही घालायला बंदी आहे. घड्याळ चालेल.

शेवटचं. मुलीकडच्यांनीच आधी विचारायला जायचं ही आपली पद्धत मला साफ नामंजूर आहे. कॉलेजात तिच्याविरुद्ध भाषण करून मी कप मिळवलाय. ही पद्धत मोडलीच पाहिजे. पण पुढच्या आठवड्यात. तुम्ही पौर्णिमेची वाट न बघता या रविवारीच पहिल्या एसटीनं निघा.