दारातून परत गेलेला सोडा

बाबा, तुमच्या जावयाला पाणी गिळता येत नाही. आठ महिने झाले. पक्षाघाताने उजवा हात गेला, बोलणं गेलं, तेवढं मी सोसलं. पण साधं पाणी पोटाकडे न जाता श्वासनलिकेत उतरावं आणि माणूस निळा पडेपर्यंत खोकावा, हा कुठला न्याय ते मला कळत नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तिथे कोणी वरिष्ठ भेटत असेल तर विचारून ठेवा. पाण्यात घालायची एक पावडर देतात, त्याने पाण्याची खळ होते. ती खळ हे चमच्यासकट थुंकतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. मी चाखली आहे.

दोनदा इस्पितळ झालं. नाकातली नळी ह्यांनी दोन्ही वेळा उपसून काढली, म्हणून तिथल्यांनी ह्यांचा उरलेला डावा हात पट्टीने पलंगाला बांधला. आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलेला माणूस बांधलेल्या जनावरासारखा माझ्याकडे बघत होता आणि मी, घरात जिच्या जिभेला सगळे भितात ती, तिथे उभी राहून सिस्टरला 'थँक यू' म्हणत होते. आता डॉक्टर म्हणतात, सोमवारी रक्त बघू. पाणी इतकंच कमी जात असेल तर पोटातून नळी घालू. आज शनिवार आहे.

गिळण्याचा व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी येते. मागच्या आठवड्यात ती म्हणाली, "आंटी, साधा सोडा ट्राय करीए? बुडबुडे टोचतात ना, त्याने घसा जागा होतो." मी तिला सुनावणार होते की बाई गं, माझ्या घरात खेळ मांडू नकोस. पण तिने हनुवटी खाली धरून चमचाभर सोडा दिला आणि ह्यांनी गिळला. ठसका नाही. दुसरा चमचा, तिसरा. वाटी संपली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला, म्हणजे रडणं बाहेर ऐकू जाणार नाही. मग दुकानातल्या बाटल्या आणल्या. पण बाटली एकदा उघडली की तासाभरात मरते, आणि मेलेल्या सोड्याने पुन्हा तोच ठसका. ह्यांना तर दिवसभर चमच्या-चमच्याने पाजायचं असतं. शिवाय त्यात खारटपणा, आणि ह्यांचं ब्लडप्रेशर. तुमची नात टोरांटोहून फोनवर म्हणते, "आई, घरी सोडा करायचं मशीन घे ना. सोडावाल्याची नात सांगतेय, ऐक."

सोडावाल्याची नात! किती सहज म्हणते. मला हे वाक्य जन्मात म्हणता आलं नाही.

दांडिया बाजारातली ती बोळातली खोली मला अजून वासासकट दिसते. ओलं गोणपाट, बर्फ, गंज. आजोबा संस्थानच्या पागेत होते, त्यामुळे आपले नातेवाईक जेवायला बसले की हमखास म्हणायचे, "बापाने तलवार धरली, लेकाने बाटली." तुम्ही हसून आणखी वाढायला सांगायचात. मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात दारात उभी आहे. तुम्ही जाड चामड्याचे हातमोजे घातलेत, तोंडावर जाळीचा मुखवटा आहे, लोखंडी पिंजऱ्यात दोन बाटल्या अडकवून मोठं चाक फिरवता आहात. बाटली उलटी होते, आतली काचेची गोटी गळ्याशी येते, गॅस तिला आतून दाबून बसवतो. मग तुम्ही मुखवटा वर करता आणि बाटली कानाशी धरता. फोनवर कोणी बोलत असल्यासारखे ऐकता. "भरली," म्हणता, किंवा "नाही भरली."

एकदा शाळेला सुट्टी होती आणि तुम्हाला बरं नव्हतं, म्हणून कामगाराला मी ऐटीत सांगितलं की बर्फाची वाट बघू नका, भरून टाका. तीन क्रेट भरले. संध्याकाळी तुम्ही एक बाटली उघडली, घोट घेतला आणि सगळ्या मोरीत ओतायला लावल्या. मला. एकेक. "ऊन पाण्यात गॅस ठरत नाही," तुम्ही म्हणालात. "पाहुण्यासारखा येतो आणि उठून जातो. आधी पाणी गार कर, मग घाई कर." तुम्ही मला रागावलात असा तो एकच दिवस. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, मला कुठे आयुष्यभर सोडा भरायचाय!

काल मी अलकापुरीतल्या दुकानात जाऊन ते मशीन बघितलं. तुमच्या चाकाच्या मानाने खेळणं आहे. उंच, गुळगुळीत, आत गॅसची नळकांडी, वर एक बटण. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मासी, आ तो बहु सहेलुं छे. घरे बेठां स्पार्कलिंग वॉटर." मी म्हटलं, "बेन, आने सोडा कहेवाय." त्यांनी काउंटरवरचीच बाटली लावून बटण दाबलं. फुस्स झालं, फेस वर आला, आणि पेल्यातलं पाणी चाखलं तर फिकं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि ती बाटली सकाळपासून तिथे उभी असणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी ऊन आहे. गॅस ठरेल कसा?" त्या चकित झाल्या. "तमने तो बधी खबर छे! घरमां कोई बनावतुं हतुं?" घरात कोणी सोडा बनवायचं का, म्हणे. मी म्हटलं, "ना रे." एवढं वय झालं, तरी "ना रे."

घेणार होते, बाबा. पाकीट उघडलं होतं. सहज विचारलं, हे गॅसचं नळकांडं किती दिवस चालतं. म्हणाल्या, "बे जणने त्रण महिना." दोघांना तीन महिने. आणि एकाच माणसाला लागत असेल तर? त्या हसल्या. "एक जणने? तो तो खूटशे ज नहीं, मासी!" संपणारच नाही. मी पाकीट मिटलं आणि रिक्षा करून अकोट्याच्या घरी परत आले. त्या बिचारीने काय वाईट सांगितलं? पण सगळ्या रस्त्याने मला एकच दिसत होतं: ओट्यावर ते मशीन उभं आहे, नळकांडं अर्धं भरलेलं आहे, आणि पाजायला कोणी नाही.

घरी आले तर हे खुर्चीत बसलेले, ओठांना भेगा. सकाळची बाटली मेली होती, तरी मी त्यातलाच चमचा दिला. ठसका लागला. दहा मिनिटं पाठ चोळली. मग मी ह्यांच्यावर ओरडले, "गिळा की हो! एवढं साधं काम!" ह्यांनी मान खाली घातली. बाबा, माझी जीभ अशी का आहे? कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या, ह्या मुलीला शब्द कधी कमी पडत नाहीत. पडले असते तर बरं झालं असतं.

तुम्हाला माझं लग्न आठवत असेलच. सोड्याचे बारा क्रेट तुम्ही वेगळे काढले होते. नव्या गोट्या, बाटल्या राखेने घासलेल्या, आदल्या दिवसापासून बर्फात ठेवलेल्या. मुलीच्या लग्नात आपल्या हातचा सोडा, ह्यापलीकडे तुमची काही हौस नव्हती. आणि क्रेट लादलेली घोडागाडी कार्यालयाच्या दारात आली तेव्हा मी, हळद लागलेली, तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबा, हे आत आणू नका. मुलाकडच्यांना बरं वाटणार नाही. त्यांनी तसं कळवलंय. कंपनीच्या बाटल्या मागवा." तुम्ही एवढंच विचारलंत, "त्यांनी सांगितलं?" मी हो म्हटलं. तुम्ही गाडीवाल्याला हात केलात. गाडी वळली. बाटल्या एकमेकींवर वाजत गेल्या.

त्यानंतर जितकी वर्षं जगलात, तुम्ही आमच्या घरी पाणी प्यायला नाहीत. जूनमध्ये एकदा आंब्यांची पिशवी घेऊन दांडिया बाजारातून पूल ओलांडून चालत आलात, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. हे स्वतः तांब्या-भांडं घेऊन पुढे आले. तुम्ही हात जोडलेत. "मुलीच्या घरचं पाणी घेत नाही आम्ही. जुनी रीत आहे." तुम्ही आणि जुनी रीत! बर्फवाल्याच्या बशीतून चहा पिणारा माणूस! ह्यांना ते खरं वाटलं. पण लागायचंही. तुम्ही गेल्यावर भांडं हातात तसंच धरून मला म्हणायचे, "एवढा मोकळा माणूस, आणि माझ्या हातचं पाणी चालत नाही?" दर वेळी म्हणायचे. मी आंबे पाण्यात घालायला आत जायचे.

तुमचा सोडा ह्यांनी कधी चाखला नाही. आणि आता ह्यांच्या घशातून दुसरं काही उतरत नाही.

आज सकाळी तोंड पुसताना मी ह्यांना सगळं सांगितलं. कळलं की नाही, देव जाणे. माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि डाव्या हाताने माझं मनगट धरलं. पट्टीने बांधला होता तोच हात. सोडेनात. मला वाटलं, रागावले. मग तोंड उघडलं. तहान लागली होती.

दुकान दहाला उघडतं. शेजारच्या बेन तासभर ह्यांच्यापाशी बसणार आहेत. नळकांडं संपलं नाही तर नाही संपलं. मी त्या बाईंना आज खरं सांगीन की माझे वडील सोडावाले होते, आणि बाटली आधी कानाशी धरून बघीन. पाण्याच्या चार बाटल्या उजाडताच फ्रीजमध्ये ठेवल्या आहेत. घाई नंतर.

हे पत्र घालायला पेटी नाही, आणि असती तरी तुमच्या हाती पडेल असं मी ते टाकलं नसतं. कारण मुलाकडच्यांनी काही कळवलं नव्हतं, बाबा. उलट मंडपात ह्यांनीच मला हळूच विचारलं होतं, "तुमच्याकडचा सोडा कुठाय? मी त्याची वाट बघतोय."