होकायंत्र आणि व्याह्यांचं घर

मनकर्णा,

ज्याच्या गाडीवर होकायंत्र आहे, त्याला या पृथ्वीवर कुणालाही रस्ता विचारावा लागत नाही. तू पोखर्णीला गेलीस अन् शालूला कळा सुरू झाल्याचा निरोप आला, तेव्हा याच विश्वासानं मी कॉलेजातलं होकायंत्र आणून मोटारसायकलच्या हँडलला ट्यूबच्या पट्टीनं बांधलं. शालूचं सासर वालूर आपल्या मानवतच्या सरळ उत्तरेला. पण गाडी कशीही फिरवली तरी सुई हॉर्नकडंच बघते. यात तास गेला.

पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते माझ्या तोंडामुळं सासरी होतंय. लग्नातल्या भांडणानंतर मी तिकडं फिरकलो नाही. आता कोणत्या तोंडानं व्याह्यांचं घर विचारत फिरू?

घरी परतून ही चिठ्ठी वाचलीस की ट्रंकेतली मऊ जुनी लुगडी अन् डिंकाचा डबा घेऊन दुपारच्या गाडीनं ये. तूप मी नेतोय. व्याही काहीही बोलले तरी गप्प ऐकून घेईन, तुझी शपथ. घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

शेजारचे बन्सीधर मघापासून कुंपणावरून बघायलेत. आत्ता म्हणाले, "सर, अकराच्या एसटीनं जा की. तुमच्या व्याह्याच्या दारातच थांबती."