तीनपैकी चांगलं माप

३ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय बारक्या,

तुला पोटभर आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. शिवाय मला जे सांगायचंय ते ऐकताना तू मध्येच "बरं बरं, ताई" म्हणून फोन ठेवला असतास. पत्र तरी ठेवून देता येत नाही. देशील म्हणा, तुझा काय भरवसा!

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे आणि जीभ दोन्ही चालू आहेत, गुडघे जरा कमी. तुझ्या भावोजींनी गॅलरीत मिरच्या लावल्यात. चार आल्या, फोटो मात्र चौदा जणांना गेले.

परवा वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "हे रोज जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बुटाची नाडी बांधायला थांबतात." मी म्हटलं, "अगं, तो तर चपला घालतो!" ती म्हणाली, "म्हणून तर तुम्हाला सांगतेय." तिच्यावर चिडू नकोस.

आता तू म्हणशील, मला काही त्रास नाही. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेले तुम्ही सगळे असंच म्हणता. दम न लागणारं आयुष्य तुम्ही कधी पाहिलेलंच नसतं, मग दम लागतोय हे कळणार कसं? जिना टाळता, पिशव्या दुसऱ्याच्या हातात देता. म्हणून आम्ही सोनोग्राफीवाले तुमच्या बोलण्यावर जात नाही, मोजतो.

आणि ते मोजणंच अवघड. हृदयाची डावी बाजू पडद्यावर सरळ दिसते. उजवी डावीला बिलगून वाकडी बसलेली असते, अर्धी छातीच्या हाडामागे. छातीवर फिरवायचा सोनोग्राफीचा प्रोब जरासा तिरका धरला की उजवा कप्पा आहे त्याहून लहान दिसतो. म्हणून आमच्याकडे दोन नियम आहेत. तीनदा मोजायचं आणि सरासरी लिहायची. आणि घरच्या माणसाचं कधी मोजायचं नाही.

दुसरा नियम मी गेल्या जूनमध्ये मोडला. "बाकीच्यांचे हात गार असतात, ताईच करू दे," असं तू सगळ्यांसमोर म्हणालास आणि मी फुशारले. मग कुशीवर वळलास, छातीवरच्या व्रणावर बोट फिरवलंस आणि म्हणालास, "ताई, ही चेन आता परत उघडायची नाही हं." हसत म्हणालास. मला मात्र सहा वर्षांचा तू दिसलास, स्ट्रेचरवरून मला हात हलवणारा.

तीन मापं घेतली. दोन वाईट होती. तिसऱ्या वेळी माझा हात तिरका होता, हे मला त्या क्षणीही कळत होतं. मी तिसरं लिहिलं. सरासरी काढलीच नाही. "कप्पा किंचित मोठा" असा रिपोर्ट गेला, आणि डॉक्टर म्हणाले, वर्षाने या. तू मला चहा पाजलास. मी प्यायले, बारक्या. दोन कप प्यायले.

तुझी फुप्फुसाकडची झडप गळते हे तुला ठाऊक आहे. गळलेलं रक्त उजव्या कप्प्यात परत येतं आणि कप्पा ताणला जातो. वेळेत झडप बदलली तर तो बराचसा पुन्हा लहान होतो. उशीर झाला तर झडप नवी बसते, पण कप्पा पहिल्यासारखा होत नाही. या आठ महिन्यांत नक्की काय झालंय, ते मला माहीत नाही. झोप लागत नाही ती त्यामुळेच.

वहिनीच्या फोननंतर जूनची चित्रं पुन्हा उघडली आणि काल डॉक्टरांसमोर जाऊन सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "गुरुवारी त्याला घेऊन या." माझं काम सध्या काढून घेतलंय, चौकशी व्हायची आहे. त्याची काळजी तू करू नकोस, माझ्या कर्माने झालंय ते.

गुरुवारी नऊ वाजता एमआरआय आहे. त्यात उजवा कप्पा पूर्ण दिसतो, हात तिरका व्हायची भानगड नाही. मग सायकलवर बसवून तुझा दम मोजतील. तिथे शूरपणा करू नकोस, दमलास की दमलो म्हण. झडप बदलायचीच ठरली तर हल्ली काही जणांना मांडीच्या शिरेतूनही बसवतात. तुला तसं जमेल की नाही, ते मापं आल्यावरच कळेल. मी "जमेल" म्हणणार नाही. माझ्या असल्या बोलण्यावर तू आता विश्वास ठेवू नयेस.

माझ्यावर रागव. बोलू नकोस, हवं तर वर्षभर. पण गुरुवारी ये. वहिनीला घेऊन ये, माझ्याकडे न बघता आत जा. या वेळी तुला तपासणारे हात गार असतील आणि मी बाहेरच्या बाकावर असेन, बाकीच्या नातेवाइकांबरोबर.

तुझी नुसती बहीण,
ताई